सर्वांसाठी संकेतस्थळ

संकेतस्थळाचे पान डोळ्यांना जेवढे दिसते तेवढेच नसते. अक्षरांमागे खुणांची एक संहिता असते. हे शीर्षक, हे चित्र, ही अर्जातील रिकामी चौकट, असे ती यंत्राला सांगते. अंध वाचकाचा ‘स्क्रीन रीडर’ याच संहितेच्या आधारे पान वाचून दाखवितो. शीर्षक नुसतेच ठळक केले, तशी खूण केली नाही, तर डोळस वाचकास उणीव जाणवत नाही. ऐकणाऱ्यास मात्र सारा मजकूर एकसलग होतो. भाषेची खूणही तितकीच अगत्याची आहे. देवनागरी ही हिंदीचीही लिपी असल्याने, ती खूण नसल्यास यंत्र मराठी मजकूर हिंदी वळणाने उच्चारण्याचा संभव असतो.

शिष्यवृत्तीच्या अर्जातील चौकटींना नावे नसतील, तर अंध विद्यार्थ्यास आपली खासगी माहिती दुसऱ्याच्या हाती सोपवावी लागते. ही उणीव त्याच्या दृष्टीची नव्हे, रचनाकाराची आहे.

‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम’ने सुगमतेची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ साली प्रथम प्रसिद्ध केली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांची उपलब्धता जीविताच्या मूलभूत हक्कात अंतर्भूत मानली. तेव्हा सुगमता हे मागाहून केलेले दान मानणे योग्य नव्हे. घर बांधून झाल्यावर भिंत फोडून दार काढण्यापेक्षा ते आराखड्यातच असणे सोपे व शहाणपणाचेही असते.