मंचावर आधी कोणी यायचे?

अत्याचाराची बातमी आली की आपण म्हणतो, ही माणसे नव्हेत, राक्षस आहेत. संताप खरा असतो, पण हा शब्द गुन्हेगारांच्याच सोयीचा आहे. चार जण राक्षस ठरले की बघत उभे राहिलेले सारे गाव आपोआप सज्जन ठरते. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांना ठार मारणारे कोणी परग्रहावरून आले नव्हते. ते त्याच गावचे होते.

माणूस इतका क्रूर कसा होतो, हे नाटकातून तपासण्याचे काम आर्मंड वोल्कास या नाट्योपचारतज्ज्ञाने अमेरिकेत कॅलिफोर्नियात केले आहे. त्यांचे आईवडील आउशविट्झच्या छळछावणीतून वाचलेले ज्यू. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वोल्कास यांनी छळछावण्यांतून वाचलेल्यांची मुले आणि नाझींची मुले यांना समोरासमोर बसवले. एकाने आपल्या घरची हकिकत सांगायची, इतरांनी ती तिथेच वठवायची, मग भूमिकांची अदलाबदल करायची. या कामातली अवघड पायरी म्हणजे, अत्याचार करणारा माझ्यातही दडलेला असू शकतो, हे प्रत्येकाने कबूल करणे. कबुली दोन्ही बाजूंनी द्यायची असते.

आम्हा बौद्धांना हा विचार परका नाही. तथागतांनी अंगुलिमालाला राक्षस मानून टाळले नाही. लोभ, द्वेष आणि मोह ही अकुशलाची मुळे कोणत्याही चित्तात रुजतात, हीच धम्माची शिकवण आहे. सभेत समतेवर बोलून घरी पत्नीवर हात उगारणारा, मुलीसाठी पोटजातीतलेच स्थळ शोधणारा कार्यकर्ता आपल्यातही आहे. त्यानेही एकदा पत्नीच्या भूमिकेत उभे राहावे. त्यात चळवळीची बदनामी नाही, शुद्धी आहे.

परंतु वकील म्हणून आम्हाला एक इशारा द्यावासा वाटतो. नाझींच्या मुलांपुढे ही मंडळी बसली, त्याच्या कितीतरी आधी न्युरेम्बर्गचा खटला झाला होता. १९५२ साली पश्चिम जर्मनीने नुकसानभरपाईचा करार केला होता. आधी न्याय, मग नाटक, असा तो क्रम आहे. आपल्याकडे काय झाले? भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ साली सहा जणांना फाशी ठोठावली. २०१० साली नागपूर खंडपीठाने तिचे २५ वर्षांच्या कारावासात रूपांतर केले. ॲट्रॉसिटी कायदा मात्र दोन्ही न्यायालयांत लागू झाला नाही. गुन्ह्यातली जातच मान्य झाली नाही! त्याच अवस्थेत भैयालाल भोतमांगे २०१७ साली गेले.

जिथे गुन्ह्याचे नावच नाकारले जाते, तिथे सलोख्याचा प्रयोग म्हणजे तक्रार मागे घेण्यासाठी भरवलेली समेटाची बैठक होईल. ‘झाले गेले विसरा’ हा त्या बैठकीतला ठरलेला संवाद आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो आहोत.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. नाट्योपचार जरूर यावा, पण इतरांच्या शिक्षणासाठी पीडितांनी आपला अपमान पुन्हा वठवून दाखवावा, अशी अपेक्षा कोणी करू नये. आधी मंचावर यावे ते फिर्याद नोंदवायला टाळाटाळ करणाऱ्या पोलिसाने, दार लावून घेणाऱ्या शेजाऱ्याने आणि जातीचा अभिमान मिरवणाऱ्या त्यांच्या मुलांनी. ‘हे माझ्या हातूनही घडू शकते’ हे वाक्य त्यांच्या तोंडून निघू द्या. मग समोरच्या खुर्चीत बसायला आम्ही तयार आहोत.

जय भीम!