गळ टाकायला पाहुणे नेणाऱ्याला लायसन पाहिजेच

आज पिकाचं नाही, पाण्याचं लिहितो.

परवा मोटार पाणी ओढंना म्हणून फुटव्हॉल्व्ह वर काढला, तर जाळीला वावभर तंगूस गुंडाळलेला, गळासकट. आपल्या भोई बांधवांचा नव्हे, महागातला. उजनीच्या काठाला हल्ली शहरातनं हौशी लोक कटला धरायला येतात. दोन-तीन जण पैसे घेऊन त्यांना होडीतनं नेतात. लायसन विचारलं की म्हणतात, "मासा धरून परत सोडतोय, लायसन कशाला?"

अहो, मासा सोडता, माणसाचं काय? मे 2024 मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान वादळात बोट उलटून सहा जण गेले. ती रोजच्या ये-जा करणाऱ्यांची बोट होती, गळवाल्यांची नव्हे. वाऱ्याला त्याचं काय? आणि हे लोक लाईफ जॅकेट बुडाखाली घेऊन बसतात!

दुकानात कीटकनाशकाची बाटली विकायला लायसन लागतं. माणसं खोल पाण्यात न्यायला नको?

काही जण म्हणतील, लायसन आलं की कारकुनाचं फावलं, अन् कागद रिसॉर्टवाल्यालाच मिळणार. ही भीती खरी आहे. म्हणून मागणी अर्धी करू नका. पहिला हक्क धरणात जमीन गेलेल्यांच्या आणि भोयांच्या पोरांना. पावसाळ्यात अंड्यावर आलेला मासा वर चढतो, तेव्हा गळ बंद. अन् होडीवर नंबर एवढा मोठा, की काठावरनं वाचता यावा. माझा फुटव्हॉल्व्ह कुणी अडकवला, ते मला अजून कळलेलं नाही.