अठ्ठेचाळीस किलोंचा माणूस

आमच्या घरी मुष्टियुद्धाला सक्त मज्जाव आहे. चिरंजीवांनी उशीवर ठोसा मारला, तरी आतून आवाज येतो, "कापूस बाहेर येईल!" पण परवा फराळाला बसलो असताना मी पयाओ पूनतारात याची हकीकत काढली आणि करंजी सर्वांच्या हातात तशीच राहिली.

गडी थायलंडचा. तिकडच्या देशी मुष्टियुद्धात कोपर, गुडघा, लाथ सारे चालते. ऑलिंपिकमध्ये मात्र नुसत्या मुठी. १९७६ साली माँट्रियलला हा अठरा वर्षांचा पोरगा ४८ किलोंच्या, म्हणजे सर्वांत हलक्या गटात उतरला. उपांत्य फेरीत हरला. पण या खेळात तिथे हरणाऱ्या दोघांनाही कांस्यपदक मिळते. थायलंडचे ते पहिलेवहिले ऑलिंपिक पदक! पहिल्या सुवर्णासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावे लागले.

पुढे तो व्यावसायिक झाला. १९८३ मध्ये जगज्जेतेपद मिळवले. १९८४ मध्ये जपानच्या जिरो वातानाबेने ते हिरावले. नंतर स्वारी संसदेतही पोहोचली. आणि मग स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंनाच रोग जडला. ज्या मुठींनी नाव कमावले, त्याच ऐकेनाशा झाल्या. २००६ मध्ये तो गेला. वय अठ्ठेचाळीस!

"बाबा, मग तो हरला की जिंकला?" चिरंजीवांनी विचारले.

मी चकली मोडीत बसलो. उत्तर हिनेच दिले, "उशीला जुनी खोळ घाल, आणि मार हवे तेवढे ठोसे."