उशी घेऊ, पण मान उचलू कधी?

यवतमाळच्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावून बघा. टेबलावर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, मांडीत मोबाइल आणि सगळ्यांच्या माना खाली. संध्याकाळी खांदे भरून आले की आपण ऑनलाइन ‘नेक पिलो’ शोधायला लागतो, तेही मान वाकवूनच!

आपलं डोकं साधारण पाच किलोचं. मान ६० अंशांत वाकली, की मणक्यावर जवळपास २७ किलोंचा भार पडतो, असं गणित न्यूयॉर्कचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये मांडलं. तासन्‌तास पडणारा हा भार रात्रीची उशी कसा उतरवणार?

उशी वाईट नाही. एसटीत डुलकी लागली तर ती मान लटकू देत नाही. झोपताना मानेखालची पोकळी भरते. पण त्यासाठी टॉवेलची गुंडाळीही चालते. आपण तर कापसाच्या जिल्ह्यातले. छोटा लोड घरीच भरता येतो.

खरा उपाय फुकट आहे. पुस्तक उंचावर ठेवा, मोबाइल डोळ्यांसमोर धरा, अर्ध्या तासाने उठा. हाताला मुंग्या येत असतील तर मात्र उशा बदलत बसू नका. सरळ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत जा.

दुखरी मान म्हणजे मेहनतीचं सर्टिफिकेट नव्हे!