महिन्याची चार पुस्तकं, कानांसाठी

मातृदिन आला की 'श्यामची आई', पाऊस आला की पावसाच्या कविता, दिवाळीला काहीतरी खुसखुशीत. दर महिन्याला ऐकण्यासाठी पुस्तकं सुचवणारी बरीच मंडळी असंच करतात, आणि मला ते पटत नाही. ती पुस्तकं वाईट असतात असं नव्हे हो! पण ज्याला 'श्यामची आई' पाठ आहे त्यालाच ती पुन्हा सुचवायची, तर सुचवणाऱ्याने केलं काय?

मी हे का बोलतेय ते सांगते. आमच्या नात्यातले आणि ओळखीचे काही जण गेली तीन-चार वर्षं जुनी मराठी पुस्तकं मोबाइलवर वाचून रेकॉर्ड करतात. ऐकणारे बहुतेक सत्तरीपलीकडचे. कुणाला काचबिंदू, कुणाला जाड पुस्तक हातात धरवत नाही. त्यातून महिन्याला एक विषय धरून चार गोष्टी निवडायचं काम माझ्याकडे आलं. (निवृत्त शिक्षिका रिकामीच असते, असा एक गोड समज आहे.)

कल्पना आमची नाही. २००५ साली मॉन्ट्रियलच्या ह्यू मॅग्वायर यांनी 'लिब्रिव्हॉक्स' सुरू केलं. जगभरातले हौशी लोक तिथे कॉपीराइट संपलेली पुस्तकं वाचतात आणि आपलं वाचनही सगळ्यांसाठी मोकळं करतात. हे दुसरं फार महत्त्वाचं. पुस्तक मोकळं झालं तरी त्याच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो; बाजारातली एखादी सीडी उचलून वाटता येत नाही. तिथला आणखी एक दंडक म्हणजे हौसेने वाचणाऱ्याचा आवाज कसाही असो, नाकारायचा नाही. गाळलेली ओळ, चुकलेला शब्द दाखवून देतात, पण 'तुमचं वाचन रटाळ आहे' असं म्हणत नाहीत. मला हे मनापासून आवडतं. वर्गातल्या अडखळणाऱ्या मुलाला उभं करून वाचायला लावणाऱ्या बाईला ते आवडणारच. पण दार सगळ्यांना उघडं ठेवलं, की आत आलेल्याला 'इकडून या' म्हणणारं कुणीतरी लागतं. ऐकणारा पहिल्या दहा मिनिटांत कंटाळला तर तो पुस्तकाला नावं ठेवतो, आवाजाला नाही. म्हणून शेवटपर्यंत स्वतः ऐकल्याशिवाय काहीही सुचवायचं नाही, हा माझा हट्ट.

आता या जूनचा विषय. शाळा सुरू होतात म्हणून सगळ्यांनी 'शाळा' सुचवलं. मी तो 'शिकायला मिळणं' असा केला. फरक दिसायला लहान आहे, पण पुस्तकं बदलली.

पहिली आली मुक्ता. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली ही मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. ऐकायला काही मिनिटंच लागतात. वेद आमचे नाहीत तर मग आमचा धर्म कोणता, असं ती थेट देवालाच विचारते. मग रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' (१९१०) मधली सुरुवातीची प्रकरणं. नवरा शिकवायला उत्सुक, आणि घरातल्या बायकांचाच विरोध. तिसरी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. ती तर बोलल्यासारखीच लिहिलेली आहेत, वाचणाऱ्याला फार काही करावंच लागत नाही.

आणि चौथी मुद्दाम 'श्यामची आई', पण सगळी नाही. 'देवाला सारी प्रिय' ही एकच रात्र. आई श्यामला एका म्हाताऱ्या महारणीची मोळी उचलून द्यायला सांगते, आणि घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. लहानपणापासून हे ऐकत आलो, डोळे पुसत आलो. मुक्ताच्या निबंधानंतर ऐकलं की ती आंघोळ कानाला टोचते. आईचा मोठेपणा कमी होत नाही, पण तिच्याभोवतीची भिंत दिसते. माझ्या मते विषय धरायचा तो याचसाठी. पुस्तकं शेजारी बसली पाहिजेत आणि एकमेकांशी बोलली पाहिजेत, प्रसंगी भांडलीही पाहिजेत.

आमच्या धाकट्या जाऊबाईंचा फोन आला. "वहिनी, या वयात हे जड कशाला? जरा हसवा की!" त्यांचं अगदीच चूक नाही. रात्री झोप येत नाही म्हणून ऐकणारे आमच्यात बरेच आहेत. त्यांच्यासाठी जुलैला श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे विनोदी लेख ठेवलेत. पण म्हाताऱ्या माणसांना नुसतं गोडच हवं असतं हे मी मान्य करणार नाही. डोळे गेले म्हणून विचार करायची हौस जात नाही.

निवडताना कायद्याचाही हिशेब ठेवावा लागतो. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क राहतात. १९९२च्या दुरुस्तीआधी ती पन्नास होती. म्हणून १९५० साली गेलेले साने गुरुजी २००१ऐवजी २०११ला मोकळे झाले. मरणोत्तर छापलेल्या पुस्तकाची साठ वर्षं मात्र छापल्यापासून धरतात. जोतिरावांचं 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५चं. गावच्या जोश्याने फसवलेलं कुणबी जोडपं शेवटी रात्रीच्या शाळेची वाट धरतं, म्हणजे माझ्या विषयाला अगदी चपखल. पण ते छापलं गेलं १९७९ साली! तेव्हा जोखीम नको म्हणून ते तूर्त बाजूला ठेवलं. फार हळहळ वाटली.

ऑगस्टसाठी 'शेत' हा विषय मनात आहे, आणि त्यात बहिणाबाई हव्यातच. त्या १९५१ साली गेल्या, गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली, म्हणजे २०१३ पासून ती मोकळी आहेत. अत्र्यांची प्रस्तावना मात्र २०२९ संपेपर्यंत वाचायची नाही. अडचण आवाजाची आहे. आमच्याकडचे वाचणारे सगळे पुण्या-साताऱ्याचे. त्यांनी ती लेवा गणबोली वाचली की प्रत्येक शब्द बरोबर असतो आणि गाणं मात्र कुठेतरी दुसरीकडेच असतं. जळगाव-भुसावळकडची, घरात अजून ती बोली बोलणारी कुणी वाचकांत असेल तर कळवा. आवाज कापरा असला तरी चालेल. शेजारचा कुत्रा मध्येच भुंकला तरीही चालेल.