कंपनीने केलं तर इंजिनिअरिंग, मिस्त्रीने केलं तर जुगाड

'जुगाड' या शब्दाचा मला मनापासून राग येतो. बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, कुठल्याही गावात गॅरेजच्या गल्लीत जा. टिनाच्या शेडमध्ये चेन कप्पीला टांगलेलं इंजिन दिसेल, खाली बोनेट काढलेली जुनी जीप, आणि ग्रीसने माखलेला एखादा शेख किंवा पठाण. जुनं पेट्रोल इंजिन काढून त्याजागी मोठं डिझेल इंजिन बसवणं चाललेलं असतं. शहरातून आलेला पाहुणा व्हिडिओ काढतो आणि 'इंडियन जुगाड' म्हणून टाकून देतो. कायदा त्याला गुन्हा म्हणतो. आपले लोक 'कौम का हुनर' म्हणून पाठ थोपटतात. आणि ते काम नीट झालं की नाही, हे या तिघांपैकी एकही जण वाकून पाहत नाही.

आधी हे सांगतो की लोक हे करतात कशाला. सगळेच शौकीन नसतात. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी लग्नाच्या वरातीसाठी रुंद टायरच्या उघड्या जीपा तयार होतात, तो वेगळा प्रकार आहे आणि त्याची वकिली मी करणार नाही. आपल्याकडे भारी काळी जमीन आहे. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर बैलगाडी रुतते, ट्रॅक्टरसुद्धा कधीकधी रुततो. २०२१ मध्ये सरकारने शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाची योजना काढली, पण सगळ्या पांदणी अजून पक्क्या झालेल्या नाहीत. अशा चिखलातून सोयाबीनची पोती किंवा बाळंतीण बाई बाहेर काढायची असेल तर चारही चाकं ओढणारी जुनी महिंद्रा जीप अजून कामाची आहे. तिची चासी टिकते, पाटे टिकतात. पण जुनं पेट्रोल इंजिन लिटरला सात-आठ किलोमीटर देतं आणि राजूरच्या घाटात भरल्या गाडीला धापा टाकतं. नवी फोर-बाय-फोर दहा लाखांच्या पुढे. शेतकऱ्याने काय करावं?

तो तेच करतो जे कंपनीने केलं. १९४५ साली ही कंपनी सुरू झाली तेव्हा तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं. त्यातले मोहम्मद, म्हणजे गुलाम मोहम्मद, फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये पाटीवर दुसऱ्यांदा महिंद्रा लिहिलं गेलं. (आमच्या गॅरेजांत हा किस्सा हमखास ऐकवला जातो.) मुंबईत विलीज जीप जुळवायला लागलेल्या या कंपनीने पुढे त्याच अमेरिकन सांगाड्यात ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन बसवलं. मग एमएम ५४० मध्ये फ्रान्सच्या प्यूजोचं २,११२ सीसीचं इंजिन आलं, त्यानंतर त्याच घराण्यातलं जवळपास अडीच लिटरचं. सांगाडा विलीजचा, काळीज दुसऱ्याचं, आणि दर वेळी आधीपेक्षा दणकट. त्याला भारतीय वाहन उद्योगाचा इतिहास म्हणतात. तीच अदलाबदल मेहकरच्या शेडमध्ये झाली की जुगाड. बजाज टेम्पोचं, म्हणजे मुळात मर्सिडीझच्या आराखड्याचं, २.४ लिटरचं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवणारे उस्ताद मी पाहिलेत. फाउंडेशन कुठे वेल्ड करायचं, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये किती जाडीची प्लेट लेथवर काढायची, हे त्यांच्या बोटांना पाठ असतं. ती प्लेट केसभर वाकडी बसली तर क्लच जळतो आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं. ही इंजिनिअरिंगच आहे, आणि ती फक्त शाळेत शिकवली जात नाही म्हणून तिचं नाव बदलता येत नाही.

पण इंजिनिअरिंग म्हटलं की हिशोबही मागावा लागतो, आणि इथे माझं भांडण आपल्याच लोकांशी आहे.

मोठं इंजिन बसवणं हा कामाचा सोपा अर्धा भाग आहे. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, बूस्टर नसतो. जी गाडी साठच्या पुढे जाताना कण्हायची, ती आता ऐंशीने पळते. वेग साठवरून ऐंशी झाला तर थांबायला लागणारं अंतर पावणेदोन पटीच्या वर जातं, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं. लायनर तेच, ड्रम तेच. शिवाय डिझेल इंजिन वजनाला भारी, त्यामुळे पुढचे पाटे बसतात आणि स्टिअरिंग जड होतं. मग क्राऊन-पिनियन. जुन्या सीजे ३बीचं प्रमाण ५.३८ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टचे सव्वापाचच्या वर फेरे. ते जास्त फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनासाठी होतं. कमी फिरणाऱ्या डिझेलवर तेच ठेवलं तर इंजिन रस्त्यावर नुसतं बोंबलतं आणि लवकर संपतं. आणि फोर-व्हील 'लो' मध्ये ट्रान्सफर केस ताकद जवळपास अडीच पट करून पुढे ढकलते. जुना प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस, मागचा एक्सल, यांनी हा मार कधी खाल्लेला नसतो. चिखलात क्रॉस तुटला तर गाडी उभी राहते, एवढंच. बोथ्याच्या घाटात उतरताना तुटला तर काय होतं ते सांगायची गरज नाही.

गिऱ्हाईक पैसे कशाचे देतं? इंजिनाचे. ब्रेक 'पुढच्या सीझनला बघू'.

आता कायद्याकडे या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाच्या बाहेर जाणारा बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. हेतू वाईट नाही. रस्त्यावर चालणाऱ्या माणसाचा जीव वाचवायचाच आहे. पण सीएनजी किटला मान्यतेचा रस्ता आहे, इलेक्ट्रिक किटलाही आहे. पुण्यात एआरएआय तपासते, आरसीवर नोंद होते. जीपमध्ये दुसऱ्या जातीचं मोठं इंजिन बसवणाऱ्या एकट्या शेतकऱ्यासाठी मात्र असा चालता रस्ता नाही. दार बंद केल्याने काम थांबलं का? थांबलं नाही, ते रात्री होऊ लागलं. आरसीवर पेट्रोल, बोनेटखाली डिझेल. मग अपघात झाला की विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं, आणि ज्याचा पाय मोडला त्याने पैसे कुणाकडे मागायचे?

ऑस्ट्रेलियात हेच काम लोक कायद्याने करतात. तिथे गाडीच्या वजनाच्या हिशोबाने किती मोठं इंजिन चालेल याचं ठरलेलं कोष्टक आहे, ताकद वाढली तर ब्रेक आणि एक्सलचं काय करायचं ते लिहिलेलं आहे, आणि मान्यताप्राप्त इंजिनिअर गाडी पाहून सही करतो. सही करणारा जबाबदार. आपल्याला रॉकेट बनवायचं नाही. जिल्ह्यात आयटीआय आहेत, एमएच २८ ची पासिंग करणारे निरीक्षक आहेत, वजनकाटे आहेत. एक छापील कोष्टक, एक ब्रेक चाचणी, आरसीवर एक ओळ, एवढंच मागतोय मी. धुराचं म्हणाल तर तोही त्याच वेळी मोजा. ज्याचा धूर पास होत नाही त्याला परत पाठवा.

राहिला आपला समाज. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिम कामगार ज्या धंद्यांत जास्त दिसतात त्यात वाहन दुरुस्ती आहे. यावर आपण जलशात भाषणं ठोकतो आणि संध्याकाळी सातवीतल्या पोराचं दप्तर काढून त्याच्या हातात पाना देतो. तो पोरगा उस्ताद होईलही. पण टॉर्क म्हणजे काय, गुणोत्तर कसं काढतात, हे त्याला कुणी शिकवत नाही, आणि उद्या सही करणाऱ्याची खुर्ची निघाली तर त्यावर तो बसणार नाही; त्याच्या उस्तादाने बनवलेल्या गाडीवर दुसराच कुणीतरी सही करेल. कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून आधीच्या शिक्षणाला मान्यता देण्याची सोय आहे. जमातीच्या किती कमिट्यांनी आपल्या मिस्त्रींची यादी करून त्यांना तिथे नेलं? हुनर हा अल्लाहने दिलेला आहे म्हणणं सोपं. आणि खराब ब्रेकची गाडी चावी देऊन रवाना करून घेतलेली मजुरी हलाल आहे का, हा प्रश्न जुम्याच्या बयानात मी अजून ऐकलेला नाही.

माझ्या ओळखीचे एक उस्ताद आहेत, वय सत्तरीकडे. त्यांचा नियम आहे की ब्रेक, क्रॉस आणि पुढच्या पाट्यांचे पैसे आधी टेबलावर ठेवायचे, मगच जुनं इंजिन उचललं जाईल. कित्येक गिऱ्हाइकं तिथूनच उठतात आणि चार दुकानं पुढे जातात, जिथे ब्रेकचं कोणी विचारत नाही. या दोन शेडमधून निघालेल्या जीपा नाक्यावर शेजारी उभ्या केल्या, तर आरसी तपासणाऱ्याला दोन्ही सारख्याच बेकायदा दिसतात.