पाढे पाठ, पण हिशेब दुसऱ्याच्या हातीं

आमचीं मुलें पाढे घोकतात. पण त्या पाढ्यांच्या पोटांत काय आहे तें त्यांस कोणी सांगत नाहीं. सात आठे छप्पन्न आणि आठ साते छप्पन्न हीं दोन निराळीं ओझीं म्हणून पोर डोक्यावर वाहतें. गुणाकारांत आंकडे मागेंपुढें केले तरी उत्तर बदलत नाहीं, एवढें कळलें तर दहापर्यंतच्या १०० गुणाकारांपैकीं ५५च लक्षांत ठेवावे लागतात. बेरजेसही हीच मोकळीक आहे. वजाबाकीस व भागाकारास ती नाहीं. ९ रुपयांतून ४ खर्चिले तर ५ हातीं उरतात. ४ असतां ९ खर्चिले तर ५ अंगावर येतात.

माल विकतांना पाहा. ४० पोतीं, प्रत्येकीं ५० किलो. पोत्यामागें १ किलो बारदानाचा वजा केला तर ४० वेळां ४९, म्हणजे १९६० किलो. एकूण २००० किलोंतून ४० वजा केले तरी १९६०च. म्हणून पोत्यामागें एकदां कापून पुन्हां खालीं ‘बारदान ४०’ असें कोणी लिहिलें, तर त्या दोन कपाती नव्हेत, एकच कपात दोनदां झाली. हें ओळखावयास वकील लागत नाहीं! चपला करणाऱ्या आमच्या भावासही हाच नियम उपयोगीं: ४९५ रुपयांचे १२ जोड म्हणजे ५०० चे १२, त्यांतून ५ चे १२ वजा; ६००० तून ६० गेले, ५९४० राहिले.

आतां कर्ज. १२,००० रुपये, वर्षास शेंकडा १२, दरमहा मुद्दलाचे १००० फेडावयाचे. सबंध वर्ष १२,००० वरच व्याज धरलें तर १४४० रुपये होतात. यास सपाट दर म्हणतात. उरल्या बाकीवर धरलें, तर पहिल्या महिन्यास १२ हजारांवर, दुसऱ्यास ११ हजारांवर, असें उतरत शेवटीं १ हजारावर. बेरीज कोणत्याही क्रमानें करतां येते, म्हणून १२ व १, ११ व २ अशा जोड्या लावा. सहा जोड्या, प्रत्येकींत १३, एकूण ७८ हजार. त्यावर महिन्याचा शेंकडा १, म्हणजे ७८० रुपये. कागदावर दर दोन्हीकडे बाराच! ६६० रुपयांचा फरक पडला तो फेडलेलें मुद्दल व्याजाच्या आधीं वजा केलें कीं नाहीं, एवढ्यावर.

इ. स. १८७५ त पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं. आरंभ १२ मे रोजीं सुप्यास झाला. पुढें १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानें कुळास पावती व वार्षिक हिशेब मिळण्याची सोय झाली. पण कागद हातीं आला तरी तपासणार कोण? जोतीराव फुले यांनीं १८८२ त हंटर कमिशनपुढें प्राथमिक शाळांसाठीं मोडी-बाळबोधाच्या जोडीस हिशेब मागितला, तो ह्याच गरजेपोटीं असें आम्ही समजतों. शाळा आल्या, हिशेबही आला. मात्र तो परीक्षेपुरता.

मास्तरांनीं पाढा म्हणवून घेतल्यावर ‘असें कां?’ हेंही विचारावें. आणि बचत गटाची वही ज्यांच्या हातीं आहे त्या आमच्या मायबहिणींनीं पुढचा हप्ता देण्यापूर्वीं, व्याज कोणत्या रकमेवर धरलें, तें लिहून मागावें.